पेशींनाही शेजार लागतो

मुलांनो, शर्टाची डावी बाही जरा वर करा आणि दंडावर, खांद्याच्या थोडं खाली, एक बारीकसा वण दिसतो का ते पाहा. बहुतेकांना सापडेल. तो बीसीजीच्या लशीचा वण. तुम्ही अगदी तान्हे होतात तेव्हा ती टोचली. तुम्ही भोकाड पसरलं असेल. आईच्याही डोळ्यांत पाणी आलं असेल. पण सुई टोचणाऱ्या नर्सबाईंना भीती वाटली नसेल, कारण तुमच्याआधी कोट्यवधी बाळांनी ती लस घेतली होती आणि ती कशी वागते हे ठाऊक झालेलं होतं.

आता थोडा उलटा विचार करू या. कोट्यवधी बाळांच्या त्या रांगेत सर्वांत पुढे कोणीतरी एक असणारच ना? तेव्हा काहीच ठाऊक नसेल. मग त्या पहिल्याचं काय?

आपल्या मुंबईतच अशी एक ‘पहिली’ होऊन गेली. तिचं नाव ॲना डस्टहॉल. वय वर्षं तीन, म्हणजे तुमच्यापैकी कोणाच्या धाकट्या बहिणीएवढी. १४ जून १८०२ या दिवशी तिला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वीपणे लस टोचलेली ती पहिली व्यक्ती. ती लस बगदाद, बसरा असा प्रवास करत माणसांच्या दंडांवरून इथे पोचली होती. मग ॲनाच्या दंडावर जो फोड आला, त्यातला द्रव घेऊन आणखी पाच मुलांना टोचलं. तीन वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं असेल का, “बाळ, तुझी तयारी आहे का?” तुम्हीच सांगा.

दुसरा ‘पहिला’ भायखळ्याचा. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोक शहर सोडून पळू लागले. वाल्देमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजात, अगदी थोड्या जागेत प्रयोगशाळा थाटली आणि काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. ती प्राण्यांवर तपासली. पण माणसाचं काय? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननं ती लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण तो सुखरूप राहिला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली गेली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट तुम्ही ऐकली असेल. १८९९ मध्ये परळला सुरू झालेल्या त्या प्लेगच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचं नाव देण्यात आलं.

तर प्रत्येक नव्या लशीला आणि प्रत्येक नव्या औषधाला असा एक पहिला माणूस लागतो. त्याच्यावरचा धोका कमी कसा करायचा, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय! आधी उंदरावर, माकडावर करून बघायचं.” बरोबर. शेकडो वर्षांत त्याचा खूप उपयोग झाला आहे. पण उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे आणि माकड म्हणजे केसाळ माणूस नव्हे. हे किती महागात पडू शकतं ते २००६ साली लंडनमध्ये दिसलं. टीजीएन १४१२ नावाचं एक नवं औषध होतं. शरीराच्या संरक्षक पेशींना ते डिवचणार होतं. माकडांना ते देऊन पाहिलं होतं, त्यांना काही झालं नव्हतं. म्हणून १३ मार्चला सहा धडधाकट तरुणांना ते दिलं. तेही माकडांना सोसलेल्या प्रमाणाच्या पाचशेव्या भागाएवढंच! तरी तासा-दीड तासात सगळ्यांची डोकी ठणकू लागली, ताप चढला, रक्तदाब उतरला. मग एकामागून एक अवयव काम सोडू लागले. डॉक्टरांनी शर्थ केली म्हणून सहाही जण वाचले. पण एकाला पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गमवावी लागली.

झालं काय होतं? त्या औषधाला पेशीवरची एक ठरावीक कडी वाजवायची होती. माणसाच्या काही संरक्षक पेशींवर ती कडी असते. माकडांच्या त्याच जातीच्या पेशींवर ती नव्हतीच. मग वाजणार कशी? माणसात मात्र सगळ्या कड्या एकदम वाजल्या आणि सगळे सैनिक एकाच वेळी, शत्रू नसताना, दारूगोळा उधळू लागले.

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग ऐका. शास्त्रज्ञांनी फक्त माकडांवर भरवसा ठेवला नव्हता. माणसाच्या रक्तातल्या पेशी काढून, प्रयोगशाळेतल्या साध्या बशीत ठेवून, त्यांवरही औषध टाकून पाहिलं होतं. त्या पेशी माणसाच्याच होत्या, तरीही गप्प राहिल्या! पुढे काही वर्षांनी याचं एक कारण सापडलं. बशीत त्या पेशी विरळ, एकमेकींपासून दूर, तरंगत होत्या. त्यांना आधी दाटीवाटीनं, एकमेकींना खेटून ठेवलं आणि मग औषध दिलं, तेव्हा त्या खवळून उठल्या.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून मला हे चटकन पटलं. रिकाम्या वर्गात एकट्या बसलेल्या मुलाकडे पाहून, मधल्या सुट्टीत तो काय काय करेल याचा अंदाज येतो का? मुळीच नाही. एकटा असताना तो गरीब गाय असतो. शेजारी मित्र बसला की त्याचं खरं रूप दिसतं. पेशींचंही तसंच आहे. पेशींनाही शेजार लागतो.

आपल्या शरीरात हा शेजार कुठे असतो? पायात काटा मोडला, जखम पिकली की जांघेत एक दुखरी गाठ येते. आजी म्हणते, “अवधाण आलंय.” घसा बसला की जबड्याखाली तशाच गाठी हाताला लागतात. त्या गाठींना शास्त्रात लसिका ग्रंथी म्हणतात. त्या नेहमीच तिथे असतात, फक्त लढाईच्या वेळी फुगतात. त्या म्हणजे संरक्षक पेशींच्या चावड्या. टी पेशी तिथे येतात, बी पेशी येतात. आणखी काही पेशी जंतूंचे तुकडे पुराव्यादाखल घेऊन येतात. तिथे ओळखपरेड होते, मसलत होते आणि मग बी पेशींपैकी काही जणी प्रतिपिंडं तयार करायच्या कामाला लागतात. प्रतिपिंडं म्हणजे त्या एका जंतूसाठी बेतून बनवलेल्या बेड्या. लस घेतल्यावर हेच होतं. दंडावर टोचतात, पण खरी शाळा भरते ती काखेतल्या गाठींत!

मग शास्त्रज्ञांनी विचार केला की पेशींना बशीऐवजी त्यांच्या ओळखीचं गावच बांधून दिलं तर? इथून ‘चिप’ची गोष्ट सुरू होते. चिप म्हटल्यावर बटाट्याचे वेफर्स आठवले असतील, तर थांबा! कॉम्प्युटरमधल्या चिपवर ज्या तऱ्हेनं अतिसूक्ष्म रेषा कोरतात, त्याच तंत्राचा आधार घेऊन ही चिप बनवतात, म्हणून तिचं नाव चिप. दिसायला ती खोडरबराएवढी, आरपार दिसणारी, मऊ सिलिकॉनची. तिच्या पोटात बारीक बारीक वाटा. त्या वाटांमध्ये माणसाच्या जिवंत पेशी वाढवतात आणि त्यांच्या अंगावरून पोषक द्रव हळूहळू वाहता ठेवतात. डबक्यातलं पाणी आणि आपल्या गाढी नदीचं पावसाळ्यातलं पाणी यांत फरक असतो ना? शरीरात रक्त वाहतं असतं. म्हणून चिपमध्येही वाहणं हवं.

२०१० साली अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या वीस इन्स्टिट्यूटमध्ये (हे वीस आकड्यातलं नव्हे बरं का, ते एका माणसाचं आडनाव आहे) डॉनल्ड इंगबर आणि डॅन हू यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर फुप्फुसाची चिप करून दाखवली. मध्ये केसाहूनही पातळ, छिद्रांचा पडदा. पडद्याच्या वरच्या अंगाला फुप्फुसाच्या पेशी आणि हवा. खालच्या अंगाला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. दोन्ही बाजूंना पोकळ्या ठेवून त्यांतली हवा खेचली-सोडली की पडदा ताणायचा आणि सैल व्हायचा. म्हणजे चिप चक्क श्वास घ्यायची!

मग त्यांनी हवेच्या बाजूला जीवाणू सोडले आणि रक्ताच्या बाजूला माणसाच्या पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं असेल? वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशी जागच्या जागी थबकल्या, भिंतीला चिकटल्या आणि पडद्याच्या छिद्रांतून अंग आक्रसून पलीकडे गेल्या. तिथे त्यांनी जीवाणूंना गाठलं आणि गिळून टाकलं. आपल्या छातीत असंच काहीसं घडत असतं, पण आत डोकावणार कसं? चिपनं त्या लढाईला खिडकी बसवली.

फुप्फुसाची चिप झाली. पण लशीचा अभ्यास करायचा तर अवधाणाची गाठ हवी. तीही गंमतच झाली. त्याच संस्थेत गिरिजा गोयल आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्यांना मुळात गाठ बनवायचीच नव्हती. रक्तातल्या टी आणि बी पेशी शरीराच्या मांसल भागात शिरल्यावर त्यांचं वागणं कसं बदलतं, एवढंच पाहायचं होतं. म्हणून त्यांनी माणसाच्या रक्तातून काढलेल्या पेशी चिपमध्ये मऊ जेलीसारख्या पदार्थात दाटीनं ठेवल्या आणि शेजारच्या वाटेतून द्रव वाहता केला. पाहतात तर काय, पेशी आपोआप गोळा होऊन पुंजके करू लागल्या! लसिका ग्रंथींमध्ये असतात तसे पुंजके. कोणी शिकवलं नव्हतं. शेजार मिळाला, वाहणं मिळालं आणि त्यांनी आपली चावडी आपणच बांधली.

त्या चावडीला मग फ्लूची लस दिली. हो, चिपला लस! काही दिवसांनी चिपमधून बाहेर येणाऱ्या द्रवात फ्लूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. निरनिराळ्या माणसांच्या रक्तापासून बनवलेल्या चिपनी निरनिराळ्या जोमानं उत्तर दिलं. खऱ्या माणसांतही तसंच असतं. एकाच लशीनं कोणाला चांगलं संरक्षण मिळतं, कोणाला थोडं कमी. हे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता ॲनाची आठवण ठेवून याचा अर्थ लावा. नवी लस आली की कोणाच्या तरी दंडाला सुई लागण्याआधी ती अशा चिपना देऊन पाहता येईल. एका चिपमध्ये बिघाड दिसला, तर फेकून द्यायची ती चिप असेल. कोणाची बोटं जाणार नाहीत.

“हे सगळं अमेरिकेत. आमच्या पनवेलला त्याचं काय?” असं कोणी विचारील. तर ऐका. आपल्याच पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही कर्करोगाची मोठी संस्था आहे. तिथे चिपचं नव्हे, पण शरीराच्या संरक्षक पेशींचंच एक विलक्षण काम झालं. ४ जून २०२१ या दिवशी भारतातला कार-टी पेशींचा पहिला उपचार तिथे करण्यात आला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या, कर्करोगाच्या पेशी ओळखायचं शिक्षण त्यांना द्यायचं आणि परत अंगात सोडायच्या. त्या पेशींना हे शिक्षण मिळालं पवईच्या आयआयटीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला सरकारची मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांवर तो दिला जातो. पण शिकवलेल्या पेशी लढायला लागल्या की कधी कधी लंडनसारखंच वादळ उठतं. म्हणून डॉक्टर डोळ्यांत तेल घालून रुग्णापाशी थांबतात. आपल्या गावाशेजारच्या दवाखान्यात झोपलेल्या त्या माणसासाठी, संरक्षक पेशी कधी आणि का खवळतात हे आधीच कळणं किती मोलाचं आहे, ते आता तुम्हाला उमगलं असेल.

आणि चिपचं काम आपल्याकडेही चालतं. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे तुमच्या आई-बाबांच्या तोंडी असलेली यूडीसीटी, तिथे प्राजक्ता दांडेकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या पेशींपासून अशी नमुन्यादाखल अंगं तयार करण्यावर काम केलं आहे. मार्च २०२३ मध्ये भारत सरकारनं नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम सुधारले. आता प्राण्यांवरच्या चाचणीशिवाय, मानवी पेशींच्या चिपसारख्या पद्धतींनी मिळालेला पुरावाही विचारात घेता येतो. त्याआधी तीनच महिने, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेनंही तसा कायदा केला होता.

म्हणजे आता उंदीर सुटले का? नाही, इतक्यात नाही. चिप म्हणजे अख्खं शरीर नव्हे. तिला मेंदू नाही, हाडं नाहीत, तिला भूक लागत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री झोप उडत नाही. ती काही आठवडे तग धरते, माणूस ऐंशी वर्षं जगतो. लस दहा वर्षांनी किती टिकली असेल हे चिप सांगू शकत नाही. दोन-चार अवयवांच्या चिप नळ्यांनी जोडून पाहण्याचे प्रयत्न होतात, पण चार दुकानं जोडली म्हणून पनवेलचा बाजार होत नाही. म्हणून चिपचं उत्तर, प्राण्यांवरचं उत्तर आणि शेवटी माणसांवरची चाचणी या तिन्ही गोष्टी अजून लागतात. आणि पहिला माणूसही लागणारच. फरक एवढाच की त्याच्या हातात आता जास्त माहिती असेल. लंडनच्या प्रसंगानंतर आणखी एक शहाणपण आलं. त्या दिवशी सहाही जणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानं औषध दिलं होतं. पुढे तज्ज्ञांनी सांगितलं, धोक्याचं नवं औषध आधी एकालाच द्या, वाट पाहा, मगच दुसऱ्याला द्या. ही साधी गोष्ट आहे. तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द. लशीबद्दल मूल प्रश्न विचारू लागलं, तर “गप्प बस, डॉक्टरांना कळतं” म्हणून त्याला उडवून लावू नका. “ही आधी कोणावर तपासली?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्याच प्रश्नानं शास्त्रज्ञांना चिपपर्यंत आणलं. आणि त्याचं उत्तर मिळालं की लशीवरचा विश्वास कमी होत नाही, वाढतो.

करून पाहा

१) पांढरी पेशी छिद्रातून कशी जाते? एक छोटा फुगा घ्या. त्यात थोडंच पाणी भरा, तो लुसलुशीत राहायला हवा. तोंडाला दोरा बांधा. आता प्लास्टिकची बांगडी आडवी धरून, फुग्याहून थोडी लहान पाहिजे हं, दोऱ्यानं फुगा हळूहळू तिच्यातून ओढा. तो मध्ये आक्रसतो आणि पलीकडे जाऊन पुन्हा गोल होतो. मग तोच फुगा पाण्यानं टच्च भरून प्रयत्न करा. काय होतं? (हा प्रयोग मोरीत किंवा अंगणात करा, म्हणजे बोलणी बसणार नाहीत. काचेची बांगडी घेऊ नका.)

२) घरी तुमचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. कोणकोणत्या लशी कधी मिळाल्या त्याचा तक्ता वहीत करा. मग आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा मोठा वण आहे का पाहा. तुमच्या दंडावर तो नाही, कारण देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचं १९८० साली जाहीर झालं. ज्यांना लस टोचली त्या सगळ्यांनी मिळून तो घालवला, आपल्याकडे त्या रांगेच्या टोकाला उभी होती तीन वर्षांची ॲना.

३) वर्गात चर्चा करा. तुम्हाला एखाद्या नव्या लशीचा ‘पहिला माणूस’ व्हायला सांगितलं, तर हो म्हणण्याआधी तुम्ही शास्त्रज्ञांना कोणते पाच प्रश्न विचाराल? ते पाच प्रश्न लिहून काढा आणि तुमच्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना दाखवा.